व्हॅलिडेटरच्या स्पेक फाइलमधून माणसाला वाचता येईल असं डॉक्युमेंटेशन कसं काढावं

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धुळ्याच्या ज्या बातम्यांच्या साइटचं तांत्रिक काम तुम्ही बघता, तिची पानं एएमपीत (मोबाइलवर झटकन उघडणाऱ्या पानांच्या स्वरूपात) निघतात. शिरपूर, साक्री, शहादा, नवापूर इथले वार्ताहर मजकूर भरतात, व्हॅलिडेटर (पान नियमांत बसतं का ते तपासणारा प्रोग्राम) पान नापास करतो आणि इंग्रजी एरर वाचून कोणालाच काही उमगत नाही. व्हॅलिडेटरची स्पेक फाइल, म्हणजे त्याच्या नियमांची फाइल, तुमच्याकडे आहे. तिच्यातून स्क्रिप्टनं तुम्ही मराठी तक्ते काढलेत, ते अचूकही आहेत, तरी कोणी उघडून बघत नाही. असं का होतं आणि काय बदलावं, हे तुम्ही विचारलंय.

जळगावात बसून मी हे काम दोनदा केलंय. पहिल्या वेळी मीही तुमच्यासारखेच तक्ते काढले होते. स्पेकमधली प्रत्येक फील्ड म्हणजे एक रकाना आणि प्रत्येक नियम म्हणजे एक ओळ. ते वाचवत नाहीत, कारण स्पेक फाइल एकाच प्रश्नासाठी लिहिलेली असते: समोर आलेला टॅग (पानाच्या कोडमधली खूण) स्वीकारायचा की नाकारायचा. साक्रीच्या वार्ताहरापुढे प्रश्न वेगळा असतो. त्याला यूट्यूबचा व्हिडिओ बातमीत टाकायचाय, त्यासाठी काय लिहू? दोन्ही प्रश्नांचा कच्चा माल तोच, पण मांडणी उलटी करावी लागते. तुमच्या स्क्रिप्टचं खरं काम ती उलटापालट आहे. भाषांतराचा क्रम त्यानंतर.

आधी फाइलबद्दल. एएमपीचे नियम प्रोटोकॉल बफर या माहिती साठवायच्या पद्धतीच्या मजकूर-स्वरूपात लिहिलेले असतात. मुख्य फाइलमध्ये पायाभूत टॅग, सीएसएस आणि एसव्हीजीचे नियम वेगळ्या फाइलींत, आणि प्रत्येक एक्स्टेन्शनची (जोड-सुविधेची) आपापल्या फोल्डरात स्वतःची नियमफाइल. तुम्ही फक्त मुख्य फाइल वाचली असेल तर कॅरोसेल, यूट्यूब, साइडबार यांतलं काहीच तुमच्या तक्त्यात आलं नसणार. सगळ्या फाइली एकत्र करा. दुसरं, ही फाइल ओळीओळीनं रेगेक्स (मजकुराचा नमुना ओळखणारं सूत्र) लावून वाचू नका. तिचा आराखडा सांगणारी प्रोटो फाइल सोबत असते. तिच्यावरून पायथनचे क्लास तयार करून घ्या आणि प्रोटोबफच्याच टेक्स्ट-पार्सरनं वाचा. म्हणजे कंसात कंस, एकच फील्ड अनेकदा येणं, अवतरणातली अवतरणं, हे सगळं पार्सर सांभाळतो आणि तुमच्या हाती स्वच्छ ऑब्जेक्ट येतात.

आता पहिली अडचण. स्पेकमध्ये 'एक टॅग, एक नोंद' असं नसतं. मेटा या टॅगच्या नोंदी बघा: कॅरॅक्टर-सेट सांगणारा मेटा वेगळा, व्ह्यूपोर्टचा वेगळा, बाकीचे आणखी वेगळे. स्क्रिप्ट या टॅगचं तर विचारूच नका, प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी एकेक नोंद. टॅगचं नाव एकच, पण कोणत्या अॅट्रिब्यूटवरून (टॅगमध्ये लिहायच्या गुणधर्मावरून) कोणती नोंद लागू होते हे डिस्पॅच-की नावाची फील्ड ठरवते, आणि माणसानं ओळखावी म्हणून अशा नोंदींना स्पेक-नेम दिलेलं असतं. तुम्ही टॅगच्या नावानं पान बनवलंत तर मेटाच्या एकाच पानावर परस्परविरोधी वाक्यं येतात: कंटेंट लावावंच लागतं, कंटेंट चालत नाही. वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. म्हणून पान टॅगचं नको, कामाचं हवं. 'पानाचा कॅरॅक्टर-सेट सांगणारा मेटा', 'मोबाइलच्या रुंदीचा मेटा', अशी नावं हातानं द्यावी लागतात. वार्ताहराला लागणारी कामं फार नसतात, त्यामुळे हे कष्ट एकदाच आणि थोडेच.

दुसरी अडचण संदर्भांची. स्पेक लिहिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा लागणारी अॅट्रिब्यूट एका यादीत ठेवून त्या यादीचं नाव जागोजागी दिलंय. सर्वांना लागू असणारी एक यादी, लेआउट (पानावरच्या जागेची मांडणी) असणाऱ्या टॅगांची दुसरी, सोर्स-सोर्ससेटची (फाइलच्या पत्त्यांची) तिसरी. मशीनला हे बरं पडतं. वाचणारा मात्र 'पाहा: सामाईक यादी' एवढ्यावर थांबतो, पुढे जात नाही. स्क्रिप्टमध्ये या याद्या उलगडून प्रत्येक पानावर आणा. अपवाद एकच: क्लास, आयडी, टायटल अशी सर्वत्र चालणारी अॅट्रिब्यूट प्रत्येक पानावर ओतली तर मुद्द्याची दोन अॅट्रिब्यूट त्यांत हरवतात. ती एका ओळीत उरका आणि तपशील वेगळ्या पानावर ठेवा.

काही फील्ड डॉक्युमेंटेशनमधून सरळ गाळा. कोणती एरर आधी दाखवायची ते ठरवणारे आकडे, फाइलची आवृत्ती, डिस्पॅच-की. इंजिन, म्हणजे व्हॅलिडेटरचा प्रोग्राम, चालवायला ती लागतात, पान लिहिणाऱ्याला नाहीत. एचटीएमएल-फॉरमॅटची फील्ड मात्र गाळू नका. वेबपान, जाहिरात आणि ईमेल यांचे नियम एकाच फाइलमध्ये असतात. तुमचं काम वेबपानाचं असेल तर फक्त त्या नोंदी गाळणीतून पुढे जाऊ द्या. हे राहिलं तर ईमेलला लागू असलेली बंदी तुमचे वार्ताहर बातमीच्या पानावरही पाळत बसतील.

आता जिथे खरा कस लागतो तिथे येतो. यूट्यूबच्या टॅगची नोंद घ्या. डेटा-व्हिडिओआयडी आणि डेटा-लाइव्ह-चॅनलआयडी या दोन अॅट्रिब्यूटांपैकी नेमकं एक हवं, असं तिथे लिहिलेलं असतं. हा एक नियम झाला, पण वापरणाऱ्याला त्यातून दोन वेगळ्या एरर मिळतात. एकही लिहिलं नाही तर 'यांपैकी एक हवं' अशी, दोन्ही लिहिली तर 'ही एकत्र चालत नाहीत' अशी. डॉक्युमेंटेशनमध्ये दोन्ही बाजू सांगणारं वाक्य हवं: "या दोनपैकी एकच लिहा, एकही नसेल तर पान नापास, दोन्ही असतील तरीही नापास." याच्या शेजारी 'किमान एक' असा दुसरा प्रकारही स्पेकमध्ये आहे, सोर्स आणि सोर्ससेटचा. तिथे दोन्ही लिहिली तरी चालतं. या दोन फील्डना एकच मराठी वाक्य लावलंत तर डॉक्युमेंटेशन खोटं बोलू लागेल.

त्याच नोंदीत व्हिडिओआयडीमध्ये भरायच्या मजकुराला एक रेगेक्स लावलेला आहे. त्याचा अर्थ: बरोबरचं चिन्ह (=), तिरकी रेघ (/), प्रश्नचिन्ह आणि कोलन सोडून काहीही, पण किमान एक अक्षर. स्क्रिप्ट एवढं वाक्य सहज बनवेल, आणि ते वाचून कोणाला काही कळणार नाही. ही चारच चिन्हं का वगळली? कारण ती यूट्यूबच्या पूर्ण लिंकमध्ये असतात. लोक ब्राउझरमधून अख्खी लिंक उचलून चिकटवतात, आणि हा रेगेक्स नेमकं तेच पकडतो. माझ्या एका प्रशिक्षणात एका वार्ताहरानं लिंक दाखवून विचारलं होतं, "हाई काबर चालत नही?" त्याला हवं असलेलं उत्तर एका ओळीचं होतं: पूर्ण लिंक नको, फक्त आयडी टाका, म्हणजे बरोबरच्या चिन्हानंतरची अक्षरं. हे उत्तर स्पेकमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. नियम तिथे आहे, त्यामागचं कारण नाही.

म्हणून माझा आग्रह असा की दोन प्रकारचा मजकूर सुरुवातीपासून वेगळा ठेवा. नियमातून निघणारी वाक्यं स्क्रिप्टनंच लिहायची. त्यांत हातानं एक अक्षरही बदलायचं नाही. आणि कारण, इशारा, नेहमीची चूक, हे माणसानं लिहायचं, दुसऱ्या फाइलमध्ये. त्या टिपेची गाठ स्पेक-नेम आणि अॅट्रिब्यूटच्या नावाशी बांधा, ओळ क्रमांकाशी नको. बिल्डच्या वेळी, म्हणजे पानं तयार करताना, स्क्रिप्ट दोन्ही एकत्र करील. स्पेक बदलली की वाक्यं नवी होतात आणि टिपा टिकून राहतात. एखाद्या टिपेचं अॅट्रिब्यूट स्पेकमधून गेलंच असेल तर बिल्ड थांबवा आणि ती टीप दाखवा, म्हणजे मेलेली टीप छापली जाणार नाही. मी निघालेल्या पानांतच हातानं सुधारणा करत गेलो होतो. पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालवली आणि महिन्याभराच्या टिपा पुसल्या गेल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

रेगेक्सांचं सर्वसाधारण धोरण सांगतो. साधे प्रकार स्क्रिप्टला ओळखायला शिकवा: पर्यायांची यादी, फक्त अंक, अमुक शब्दानं सुरुवात. यांची वाक्यं आपोआप बनतात. उरलेल्यांना आपोआप मराठी करायला जाऊ नका. तिथे माणसानं वाक्य लिहावं आणि खाली चालणारी दोन व न चालणारी दोन उदाहरणं द्यावीत. वार्ताहर उदाहरण बघून लिहितो, व्याख्या वाचून नाही. वेब-पत्त्यांच्या बाबतीत रेगेक्सऐवजी प्रोटोकॉलची यादी दिलेली असते. त्या यादीत फक्त एचटीटीपीएस असेल तर वाक्य सरळ असू द्या: "पत्ता एचटीटीपीएसनंच सुरू व्हायला हवा, एचटीटीपी चालत नाही."

इथून मराठीचा प्रश्न सुरू होतो, आणि तुमच्या तक्त्यांचा बराच त्रास इथलाच आहे. तुमच्या नमुन्यातलं एक वाक्य असं आहे: "नोस्क्रिप्टमध्ये पूर्वज म्हणून असणे अनिवार्य आहे." व्याकरण चुकलेलं नाही, पण असं कोणी बोलत नाही. तांत्रिक नियमांसाठी इंग्रजीत ठरवून दिलेले शब्द आहेत. इंटरनेटची मानकं लिहिताना 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचा नेमका अर्थ काय, ते १९९७च्या आरएफसी २११९ मध्ये सांगितलंय. मराठीत तेवढंच काम रोजची क्रियापदं करतात: "लागतंच", "शक्यतो लिहा", "चालतं", "चालत नाही". धुळ्यापासून अक्कलकुव्यापर्यंत हे शब्द कोणाला समजवावे लागत नाहीत. 'अनिवार्य', 'ऐच्छिक', 'प्रतिबंधित' यांच्या जागी हे आणून बघा. वाक्यं बोलू लागतील. विशेषतः 'ऐच्छिक' टाळा. त्यापेक्षा "नाही लिहिलं तरी चालतं" हे स्पष्ट आहे.

'पेरेंट' आणि 'अॅन्सेस्टर' यांचं 'पालक' आणि 'पूर्वज' करू नका. फरक आहे तो थेट आत असण्याचा आणि कुठेही आत असण्याचा. मग तसंच लिहा: "हा टॅग हेड या टॅगच्या थेट आत लागतो", "हा टॅग नोस्क्रिप्ट या टॅगच्या आत कुठेही चालतो". थेट आत, आत कुठेही. एवढ्यानं भागतं.

टेम्पलेटमध्ये रिकाम्या जागी टॅगचं नाव बसवताना मराठीत दोन खड्डे आहेत. एक, विभक्ती. मूळ नाव रोमन लिपीत आणि कोडच्या टायपात ठेवावंच लागतं, कारण लोक ते तिथून उचलतात (या उत्तरात वाचायला सोपं पडावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितोय). त्या नावाला 'ला', 'च्या', 'मध्ये' चिकटवलं की कॉपी करताना प्रत्ययही सोबत जातो. दुसरा खड्डा लिंगाचा. कॅरोसेल ती की तो, फॉर्म तो की ते? प्रत्येक नावाचं लिंग ठरवत बसाल तर स्क्रिप्ट कधीच पुरी होणार नाही. दोन्हींवर उपाय एकच: नावानंतर नेहमी जातिवाचक शब्द घाला आणि प्रत्यय त्यालाच लावा. 'कॅरोसेल हा टॅग', 'कॅरोसेल या टॅगच्या आत', 'टाइप हे अॅट्रिब्यूट'. टॅग कायम पुल्लिंगी, अॅट्रिब्यूट कायम नपुंसकलिंगी. मग फक्त एकवचन-अनेकवचन उरतं: एक टॅग हवा, दोन टॅग हवेत. यादी जोडताना शेवटच्या दोहोंमध्ये 'किंवा' की 'आणि' हे फील्डवरून ठरवा, तिथे घोळ झाला तर अर्थच पालटतो.

एरर संदेशांनाही हेच लागू आहे. व्हॅलिडेटर प्रत्येक एररला एक कोड देतो आणि संदेशाच्या साच्यात क्रमांक घातलेल्या जागा असतात. 'रॉंग पेरेंट टॅग' या कोडचा इंग्रजी संदेश सांगतो की अमुक टॅगचा पेरेंट तमुक आहे, पण तो फक्त ढमुक असू शकतो. जागांना क्रमांक असल्यामुळे मराठीत त्यांचा क्रम बदलता येतो: "१ हा टॅग २ या टॅगच्या आत आलाय, तो फक्त ३ या टॅगच्या थेट आत चालतो." कमांडलाइनवरच्या व्हॅलिडेटरकडून उत्तर जेसनमध्ये (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात) मागवा. त्यात कोड, त्या जागांत बसायचे शब्द आणि ओळ क्रमांक सुटे मिळतात. इंग्रजी वाक्य उलगडायची गरजच पडत नाही. त्या कोडवरून मराठी संदेश आणि मार्गदर्शिकेतल्या नेमक्या परिच्छेदाची लिंक, दोन्ही वार्ताहराच्या पडद्यावर दाखवा. माझ्या अनुभवात मार्गदर्शिका मुखपृष्ठावरून वाचायला कोणी येत नाही, सगळे एररमधून येतात. कोडनिहाय सूची हे तुमचं खरं प्रवेशद्वार समजा आणि सर्वात जास्त वेळ तिथे द्या.

स्पेकमध्ये नसलेल्या नियमांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगायलाच हवं. काही नियम इंजिनच्या कोडमध्ये लिहिलेले आहेत. लेआउट हे ठळक उदाहरण. एखाद्या टॅगला कोणते लेआउट चालतात ते स्पेक सांगते. पण रिस्पॉन्सिव्ह आणि फिक्स्ड यांना रुंदी व उंची दोन्ही लागतात, फिक्स्ड-हाइटला उंची लागते, आणि फिलला दोन्ही लागत नाहीत, हे इंजिन ठरवतं. लेआउट लिहिलाच नाही तर रुंदी-उंची बघून अंदाज करायचा, तोही इंजिनच करतं. रुंदी-उंची दोन्ही असतील तर फिक्स्ड, नुसती उंची असेल तर फिक्स्ड-हाइट, काहीच नसेल तर कंटेनर. हे एक पान हातानं लिहा आणि प्रत्येक संबंधित पानावरून तिकडे जोडा. वार्ताहरांच्या फोटोंच्या एररपैकी मोठा भाग या एका पानानं मिटेल.

बाइटचंही एक सांगतो, कारण ते आपल्या लिपीशी जोडलेलं आहे. एएमपी पानातल्या सीएसएसवर ७५,००० बाइटची मर्यादा आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये 'बाइट'च लिहा, 'अक्षरं' लिहू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. 'की' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण त्यात क आणि वेलांटी असे दोन संकेत, म्हणजे ६ बाइट. 'क्षि'चे होतात १२. स्टाइलमध्ये मराठीत शेरे लिहिणाऱ्या डिझायनरला हे माहीत असलेलं बरं.

उदाहरणांबाबत मी कोणतीही सूट देणार नाही. मार्गदर्शिकेतलं प्रत्येक उदाहरण बिल्डच्या वेळी खऱ्या व्हॅलिडेटरमधून गेलंच पाहिजे. 'चालतं' म्हणून दाखवलेलं उदाहरण पास व्हायला हवं. 'चालत नाही' म्हणून दाखवलेलं नापास तर व्हायला हवंच, शिवाय तुम्ही सांगता त्याच कोडनं नापास व्हायला हवं. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात. मग उदाहरण भलत्याच कारणानं नापास होत असतं आणि खाली स्पष्टीकरण वेगळंच असतं. उदाहरणाचे तुकडे एका पूर्ण, निर्दोष पानाच्या सांगाड्यात घालून तपासा, नाहीतर डॉकटाइप नाही, कॅनॉनिकल लिंक नाही अशा एररच आधी येतील.

हे सगळं सांभाळायचं कारण, नियम बदलतात. सीएसएसची ७५,०००ची मर्यादा पूर्वी ५०,००० होती. साधा इमेज टॅग कित्येक वर्षं फक्त नोस्क्रिप्टच्या आत चालायचा आणि स्पेकमध्येच 'त्याऐवजी एएमपी-इमेज वापरा' अशी सूचना देणारी फील्ड होती. पुढे साधा टॅगही चालू लागला. हातानं लिहिलेली मार्गदर्शिका असती तर जुनी मनाई तशीच राहिली असती. तुमची निघालेली पानंही गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा आणि त्यांचा क्रम स्थिर असू द्या, म्हणजे टॅग आणि अॅट्रिब्यूट दर वेळी त्याच क्रमानं छापले जातील. मग नवी स्पेक आणल्यावर दिसणारा फरक मराठी वाक्यांत दिसतो: काल "लागतंच" होतं, आज "नाही लिहिलं तरी चालतं" झालं. तोच फरक ग्रुपवर पाठवायची सूचना म्हणून वापरता येतो.

पानाची रचना मी अशी ठेवतो: वर चिकटवता येईल असं छोटं उदाहरण, मग काय लागतंच, मग काय चालतं, मग नेहमीच्या चुका. मूळ इंग्रजी स्पेकची लिंक तळाशी.

तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल, म्हणजे आता एवढा खटाटोप करावा का. २०२१ पासून गूगलच्या 'टॉप स्टोरीज'मध्ये येण्यासाठी एएमपी सक्तीचं राहिलेलं नाही, आणि बऱ्याच साइटींनी ते सोडलं. तुमच्या मालकांचा तसा विचार असेल तर आधी तो निर्णय होऊ द्या. पण पद्धत वाया जाणार नाही. साध्या एचटीएमएलसाठीचा न्यू चेकर हा व्हॅलिडेटर रिलॅक्स एनजीच्या स्कीमा (नियमांचे आराखडे) आणि जावातल्या तपासण्या वापरतो. तिथेही स्कीमा एकीकडे आणि कोडमधले नियम दुसरीकडे, हीच विभागणी भेटेल. पार्सर बदलेल, टिपांची फाइल, मराठी टेम्पलेटं आणि उदाहरणांची तपासणी तशीच्या तशी राहील.

सुरुवात सगळ्या टॅगांपासून करू नका. सर्व्हरवरच्या गेल्या महिन्याच्या एरर काढा, कोडनिहाय मोजा आणि वरचे दहा कोड घ्या. शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या केळीच्या भावाचं जे पान तुम्ही रोज टाकता, त्यात तक्ता, फोटो आणि व्हिडिओ तिन्ही असतात. ते पान भरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसा, त्या दहा कोडांची पानं त्याच्या हाती द्या आणि तो कुठल्या वाक्यावर अडखळतो ते लिहून घ्या. ती वाक्यं आणि तुमची टिपांची फाइल मला पाठवा, टेम्पलेटं आपण मिळून बघू.